चौथ्या बाजूला कुणी उभं नव्हतं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात घडलेली आहे, त्यामुळे ऐकीव म्हणायची सोय नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. अमावस्या लागते, पिंपळ लागतो. यात तसलं काही नाही. हे सकाळी घडलं, भरल्या गुरुद्वाऱ्यात, माझ्या डोक्यावर लाल चुन्नी असताना.

१९९१चा जानेवारी. गाव कोट बेरियां, तरनतारनच्या पलीकडे, कालव्याच्या काठाला.

त्या लग्नानंतर मी नांदेडला आले आणि इथलीच झाले. माझं मराठी आता माझ्या पंजाबीपेक्षा बरं आहे, असं माझी मुलगी म्हणते. पण हे मी कुणाला मराठीत सांगितलं नव्हतं. पंजाबीतही आईवडिलांपलीकडे कुणाला नाही. सांगून उपयोग काय, असा राग होता. तो अजून आहे.

माझा भाऊ दिलबाग माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. ताडमाड उंच. हात असे लांब की कुठलीही बाही त्याला आखूडच पडायची.

शाळेच्या वाटेवर कालव्यावर एक अरुंद फळी टाकलेली होती. मी तिच्यासमोर उभी राहून रडायचे. मग हा मागून माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचा, अंगठा बरोबर पाठीच्या हाडाखाली रुतवायचा आणि ढकलायचा.

"चल बीरो. पडलीस तर मी आहे ना."

दुखायचं. पण मी पडले कधीच नाही.

तो अंगठा लक्षात ठेवा.

त्या दिवसांत आमच्याकडे बंदूकवाल्यांचं राज्य होतं. वेगळा देश मागत होते. अतिरेकी हा शब्द वर्तमानपत्रातला. गावात सगळे त्यांना 'पोरं' म्हणायचे, तेही आवाज खाली करून. अंधार पडला की पोरं यायची आणि रोट्या मागायची. उजाडलं की पोलीस यायचे आणि रोट्या कुणाला दिल्या ते विचारायचे. नाही म्हणायची सोय दोघांनाही नव्हती.

दिलबाग पोरांसोबत स्वतःहून गेला, की पोरांनी त्याला नेला, की पोलिसांनी उचलला... ते आम्हाला कधीच कळलं नाही.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी तो म्हशींना चारा टाकायला गेला. चाऱ्याची पाटी गोठ्याच्या दारात सापडली. भरलेली होती.

बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. ठाणेदार म्हणायचा, "म्हाताऱ्या, तुझा पोरगा पोरांत गेलाय. आला की तूच आम्हाला कळव." कुठे चकमक झाली, अनोळखी माणसं मेली असं ऐकलं की बापूजी सायकल काढायचे. पोचेपर्यंत बेवारस म्हणून जाळून सगळे मोकळे झालेले असायचे. राख दाखवायचे. राखेवरून कुणी पोरगा ओळखायचा कसा?

शेवटी बापूजी थकले. म्हणाले, "बीरोचं लग्न उरकू. मग दिलबागचा भोग घालू."

मेलेल्या माणसासाठी पाठ पूर्ण करून, अरदास म्हणजे प्रार्थना करून त्याला निरोप देतात, तो भोग. तुमच्याकडच्या तेराव्यासारखं समजा.

बीजी, म्हणजे माझी आई, ताडकन उठली. "जिवंत पोराचा भोग घालताय? लाज नाही वाटत?"

"जिवंत आहे तर दाखव ना मला."

"तुम्ही मेलेला दाखवा."

दोघांचं बरोबर होतं. त्यामुळे भांडण मिटायचंच नाही. रोज जेवताना तेच, म्हणून आमच्या घरात कुणी धड जेवतही नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला दोन पोरं आली. अंगावर शाली, शालींखाली काय ते सगळ्यांना ठाऊक.

त्यातला धाकटा दिसणारा म्हणाला, "वरातीत अकरा माणसं. बाजा नाही, दारू नाही, मांस नाही."

माझा चुलतभाऊ मुख्तार कुठेही गप्प बसत नसे. "अकरा म्हणजे नवरदेवाला धरून की सोडून?"

"धरून."

"बरं झालं विचारलं. नाहीतर बिचारा बाहेरच राहिला असता."

कुणी हसलं नाही. बापूजींनी हात जोडले. "तुमचं सगळं ऐकलं. आता माझं एक ऐका. माझा मुलगा कुठे आहे?"

"बापूजी, तो आमच्यात नाही."

"ठाण्यात सांगतात तुमच्यात आहे."

"ठाण्यातले खोटं बोलतात."

"तेही तुमच्याबद्दल हेच म्हणतात," बापूजी म्हणाले. "मी कुणाकडे जाऊ?"

तेवढ्यात त्या धाकट्याची शाल घसरली... आणि आतला स्वेटर दिसला.

शेवाळी रंगाचा. गळ्याशी दोन टाके चुकलेले. मनगटाला मुद्दाम चार बोटं जास्त किनार, ती या पोराने दोनदा दुमडून घेतलेली. तो स्वेटर मी दिलबागसाठी विणला होता.

"हा तुझ्याकडे कसा?" मी विचारलं. बंदुकीची भीती तेव्हा कुठे गेली, माहीत नाही.

"त्यानेच दिला. जाताना."

"जाताना म्हणजे? कुठे जाताना?"

"ते आम्ही विचारत नाही."

बीजी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने फक्त एवढं विचारलं, "मग आता तो काय घालतो?"

पोराने शाल ओढून घेतली आणि दोघं निघून गेले.

आम्ही तसेच बसून राहिलो. आणि मग गोठ्यात म्हशींच्या रवंथाचा आवाज थांबला...

एकदम. सगळ्या म्हशींचा.

पाठोपाठ जमिनीवर पाटी ठेवल्याचा आवाज आला. भरलेल्या पाटीचा, जड.

बापूजी कंदील घेऊन गेले. पाटी खुंटीला होती. रिकामी.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की हातभर लांबचं माणूस दिसेना. अकरा माणसांची वरात धुक्यातून आली, तीही गुपचूप. वरात कसली, शोकसभेला निघाल्यासारखी मंडळी. माझ्या लग्नाची ही तऱ्हा पाहून मला रडू नाही, संताप आला.

आमच्यात नवरा पुढे, त्याच्या उपरण्याचं टोक धरून नवरी मागे, असे गुरू ग्रंथ साहिबांभोवती चार फेरे घेतात. नवरीचे भाऊ चारी बाजूंना उभे राहतात. तिच्या खांद्यावर हात ठेवून एक जण तिला दुसऱ्याकडे सोपवतो. घरच्यांनी असं हाताहातानं पुढे धाडायचं, अशी ती पद्धत आहे.

माझे चुलतभाऊ तिघं होते. तीन बाजूंना तीन.

चौथी बाजू ग्रंथसाहिबांच्या मागची. पुढे ग्रंथ वाचणाऱ्या ज्ञानीजींची पाठ, मागे भिंत, मध्ये अरुंद बोळ. समोर बसलेल्यांना तिथलं काही दिसत नाही.

मुख्तार म्हणाला, "काकी, खरी अडचण तर तिथेच आहे. चुन्नीत पाय अडकून पडेल ती. माझ्या मेव्हण्याला उभं करू."

"ती जागा दिलबागची आहे," बीजी म्हणाली. "राहू दे."

"काकी, रिकाम्या जागेने काय धरायचं तिला?"

"राहू दे म्हटलं ना."

नवरीने मान खाली घालून चालायचं असतं. मला फक्त पांढरी चादर दिसत होती, आणि भावांचे पाय.

पहिला फेरा. मुख्तारचे पाय दिसले, खांद्यावर हात आला. मग दुसरा भाऊ, मग तिसरा. मागच्या बोळात कुणाचेच पाय नव्हते. मी भिंतीला खांदा घासत कशीबशी पुढे गेले. मनात म्हटलं, बीजीच्या हट्टापायी मी आज आपटणार.

दुसरा फेरा. बोळात शिरताना वास आला... कालव्याच्या ओल्या मातीचा.

तिसरा फेरा. चुन्नी पायात आली. माझा तोल गेला...

आणि उजव्या खांद्यावर हात पडला.

लांब बोटं. अंगठा बरोबर पाठीच्या हाडाखाली. हात इतका थंड की सूट, शाल, चुन्नी या सगळ्यांतून हाडापर्यंत पोचला.

मी खाली पाहिलं. पांढरी चादर होती. पाय नव्हते.

त्या हाताने मला ढकललं. मी पडले नाही.

चौथ्या फेऱ्याला मी बोळाच्या तोंडाशी मुद्दाम रेंगाळले. हात आला. मी ओठांतल्या ओठांत भावाला हाक मारली, "वीरे, कुठे आहेस? एवढं तरी सांग." अंगठा रुतला, धक्का बसला, आणि मी मुख्तारच्या हातात होते.

फेरे झाल्यावर मी बीजीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बापूजीही आले. बीजी थेट त्या बोळात गेली. चादर दोन जागी ओली होती. दोन पायांएवढी.

"बीजी, हात बर्फासारखा होता," मी म्हटलं. याचा अर्थ काय, ते मला उच्चारायचं नव्हतं.

बीजी हसली. भाद्रपदानंतर पहिल्यांदा.

"थंडच असणार. स्वेटर त्या मेल्याच्या अंगावर आहे ना."

"अगं, पण त्याला पाय नव्हते."

"मान खाली, डोळ्यांत पाणी. तुला काय दिसणार? पोरगा बहिणीच्या लग्नाला आला. आता बोला, भोग घालताय?"

बापूजींनी कपाळाला हात लावला आणि तिथेच पायरीवर बसले. गेलेला पोरगा आला, तोही असा आला की काहीच सुटलं नाही. तीन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?

भोग झाला नाही. बापूजी पाच वर्षांनी गेले, तेव्हाही ते विचारतच होते.

बीजीने त्याच हिवाळ्यात दुसरा स्वेटर विणला. तसाच शेवाळी, मनगटाला चार बोटं जास्त किनार. तो दिलबागच्या खोलीत दारामागच्या खुंटीला टांगला. पुढे दर थंडीत त्याला ऊन दाखवायची. मी फोनवरून डाफरायचे, "तीस वर्षं झाली बीजी, बास कर आता." ती म्हणायची, "तुला काय, तू नांदेडच्या उन्हात."

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतच, बीजी गेली.

मी गावी गेले. पोरं केव्हाच संपली होती, ते ठाणेदारही बदलून, निवृत्त होऊन गेले. विचारायचं कुणाला, तर आता कुणीच उरलं नव्हतं. मी ठरवलं, बीजीच्या भोगात दिलबागचंही नाव घ्यायचं. एकदाचं मिटवायचं.

सकाळी बीजीचे कपडे वाटायला काढले. दारामागे हात घातला...

खुंटी रिकामी होती.

मुख्तारची बायको जिंदो शेजारीच राहते. घराची किल्ली तिच्याकडे असायची. मी तिच्यावरच घसरले.

"स्वेटर कुठे आहे?"

"मी कशाला घेऊ, ताई? कसर लागलेली चिंधी ती. परवा बीजीला नेलं तेव्हा तिथेच तर होता."

"मग पाय फुटले का त्याला?"

ती रडायला लागली. मला माझीच लाज वाटली, पण राग काही उतरेना.

गुरुद्वाऱ्यात अरदासला सगळे उभे राहिले. मी बायकांच्या रांगेत, माझ्या मागे जिंदो. ज्ञानीजींनी बीजीचं नाव घेतलं. मग म्हणाले, "आणि त्यांचे चिरंजीव..."

उजव्या खांद्यावर हात आला.

लांब बोटं. अंगठा हाडाखाली.

हात गरम होता. चुलीपुढून आत्ताच उठून आल्यासारखा. आणि मानेला काहीतरी खरखरीत घासलं. लोकरीची किनार. चार बोटं रुंद.

या वेळी त्याने पुढे ढकललं नाही. मागे ओढलं.

"थांबा," मी म्हणाले. भर अरदासमध्ये, मोठ्याने.

वळून पाहिलं. मागे जिंदो डोळे मिटून उभी होती, दोन्ही हात जोडलेले. तिच्या मागे भिंत.

ज्ञानीजी दिलबागचं नाव सोडून पुढे गेले.

आता मला सांगा, मी काय समजायचं? मेला असेल तर हात गरम कसा? जिवंत असेल तर साठी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या आईच्या भोगाला आलेला, समोर का येत नाही? तेव्हा थंड, आता गरम. बोलायचं मात्र एकदाही नाही. इतकी वर्षं वाट पाहायला लावून याने आम्हाला काय दिलं, तर एक धक्का आणि एक ओढ.

खांद्याच्या हाडाखाली अजून दुखतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं.

मुख्तारचा अधूनमधून फोन येतो. "बीरो, दिलबागचं काय करायचं?" मी म्हणते, पुढच्या वर्षी बघू. बीजीला मी तीस वर्षं वेडी म्हणत आले, आणि आता हे माझ्या तोंडून निघतं.

घराची किल्ली अजून जिंदोकडेच आहे. तिला सांगून ठेवलंय, मागचं दार ओढून घेत जा, पण कडी लावू नकोस.