हे पिल्लू विकायचं नाही

त्या शनिवारी दुमागेते गावात वारा पडला होता, आणि मेरिदेलच्या टेबलावर आठवीच्या भूगोलाची चाळीस पानं तपासायची राहिली होती. समोर ताताय, म्हणजे तिचे वडील, बसले होते. कपातला दाट कोको निवत चालला होता आणि ते फोन हातभर लांब धरून डोळे बारीक करत होते. बोटीच्या इंजिनघरात तीस वर्षं काढलेला माणूस. ऐकायला निम्मं यायचं, म्हणून स्वतः दुप्पट मोठ्यानं बोलायचे.

“मेर, हे बघ. कान बघ त्याचे. एक उभा, एक पडलेला.”

“हं.”

“तान्हाय गावचं कुत्र्याचं पिल्लू आहे. विकणारी बाई फार सभ्य. वाक्यागणिक ‘पो’ म्हणते.”

मेरिदेलची पेन्सिल क्षणभर थांबली. ‘पो’ हा मनिलाकडचा अदबीचा शब्द. इकडे एखाद्या पोरानं बापाला ‘पो’ म्हटलं, तर बाप त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. मग तान्हायची बाई पाऊण तासावरच्या म्हाताऱ्याला ‘पो’ कशाला म्हणतेय? … मनात आलं आणि गेलं. एकोणिसाव्या पानावर एक नदी डोंगर चढून चालली होती, तिला आधी खाली आणायचं होतं.

“जाऊन बघितलंत का?”

“नको म्हणाली. नवखं माणूस दिसलं की आई बिथरते, पिल्लांना पाजत नाही. बाळंतिणीला कशाला त्रास द्यायचा? उद्या बसनं पाठवतेय.”

“या वयात तुम्हाला कुत्रं कशाला हवंय पण?”

“मला कुठं? तुला हवंय. मी गेल्यावर या घरात आवाज कोण करणार?”

“ताताय, गप्प बसा.”

ते हसले. संध्याकाळी त्यांनी मासे तळले, मीठ जास्त पडलं, त्यावरून दोघं थोडं भांडली. झाला शनिवार.

रविवारी सकाळी ते टोपली घेऊन बस-स्थानकावर गेले. टोपलीत त्यांनी आपला जुना मऊ शर्ट अंथरला होता. तान्हायकडून आलेल्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला त्यांनी विचारलं, माझं पिल्लू आहे का. सातपासून एकपर्यंत. मग उन्हात बसल्या जागी कलंडले. इस्पितळात दोन दिवस होते. एक शब्द न बोलता गेले.

नवव्या दिवसाची प्रार्थना चालू असताना तातायच्या फोनवर मेसेज वाजला.

“गुड मॉर्निंग पो, सर. पिल्लू वाटेत अडवलंय पो. विम्याचे पैसे भरल्याशिवाय सोडत नाहीत पो, नंतर परत मिळतील. लवकर करा पो, बिचारं उपाशी आहे. देव तुमचं भलं करो.”

मेरिदेलनं मागचं सगळं वाचलं. आधी विसार, मग पिंजऱ्याचे पैसे, मग लसीचे. दर वेळी ‘हे शेवटचं’. तातायनी दोनदा विचारलं होतं, जरा व्हिडिओवर दाखवता का, चालतो कसा ते बघायचंय. दोन्हीदा उत्तर एकच… कॅमेरा बिघडलाय पो.

तिया पासिंग, तातायची धाकटी बहीण, खांद्यावरून वाचत होती. “इंदाय, पोरी, बंद कर तो फोन. आणि कुणाला बोलू नकोस. माझ्या क्रिस्पुलोसारखा शहाणा माणूस कुत्र्यापायी फसला, असं गावभर होईल. मेल्या माणसाची अब्रू राख.”

“अब्रू चोराची जाते, तिया. ज्याची चोरी झाली त्याची नाही.”

“तुला जग कळत नाही.”

“मग जाऊन बघून येते,” मेरिदेल म्हणाली.

फोटोत पिल्लामागे हिरवं दार होतं आणि दारावर अर्धवट पाटी, ‘…चे बुडबुड’. बुडबुड म्हणजे वरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधलेली वळकटी. तान्हाय त्यासाठीच ओळखलं जातं. तिथल्या बाजारात दोघांना विचारल्यावर हिरवं दार सापडलं. आत पस्तिशीचा एक माणूस बुटक्या बाकावर बसून पानं वळत होता. मेरिदेल छत्री घट्ट धरून उंबऱ्यात उभी राहिली.

“पिल्लू कुठंय?”

“बसा. पाणी घ्या.”

“पाणी नकोय. पिल्लू दाखवा. एक कान उभा, एक पडलेला.”

हात चिकट होते, म्हणून त्यानं ओठ पुढं काढून ओठांनीच बाकाखाली दाखवलं. तिथं एक जाडजूड म्हातारा कुत्रा पसरला होता. थोबाड पिकलेलं. एक कान उभा… एक पडलेला.

“हा काबोग. वय वर्षं आठ. तो फोटो दहा आठवड्यांचा असतानाचा. मीच हौसेनं टाकला होता, कुणीतरी उचलला. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी हा विकला जातो. याच्या जिवावर कोण श्रीमंत झालं कुणास ठाऊक, आम्ही दोघं नाही.” त्यानं तिच्या हाताकडं बघितलं. “आमच्या दारात आलेल्या तुम्ही अकराव्या. पण छत्री उगारून आलेल्या पहिल्याच.”

तिनं वर बघितलं. छत्री खरंच खांद्याच्या वर होती. आणि दारावर, तिच्या नाकासमोर, दुसरी पाटी होती: ‘हे पिल्लू विकायचं नाही. ते आता पिल्लूही नाही.’

“वाचून चुका काढणं हेच माझं काम आहे,” ती पुटपुटली.

“मग आज सुट्टीवर असाल.”

तिला हसू येणार होतं. पण आलं ते रडू. त्यानं फक्त पानांचा गठ्ठा आणि एक ओलं फडकं तिच्याकडं सरकवलं.

“हात रिकामे असले की जास्त येतं. पुसा.”

तिनं पानं पुसली. पुसता पुसता सगळं सांगितलं: टोपली, शर्ट, एक वाजेपर्यंतच्या बसगाड्या. ‘पो’चं तेवढं सांगितलं नाही. ते तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव डेल्फिन. त्यानं हातातलं पान खाली ठेवलं.

“बाळंतिणीला त्रास नको म्हणून ते आले नाहीत,” तो म्हणाला. “त्यांच्या चांगुलपणालाच गळ लावला. इथं आले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. आई दाखवायला जो तयार नसतो ना, त्याच्याकडं पिल्लू नसतंच.”

“मी पोलिसांत गेले होते. त्यांनी लिहून घेतलं. नाव खोटं, खातं दुसऱ्याच्याच नावावर. मला काय वाटतं सांगू? ती बाई तान्हायची नाहीच. पण सिद्ध कसं करायचं?”

डेल्फिननं काबोगकडं बघितलं. अंगणात एक कोंबडा फिरत होता. “विचारा तिला, पिल्लू लंगामला घाबरतं का.”

मेरिदेलच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. इकडे लंगाम म्हणजे पक्षी. हे तान्हायचं शेंबडं पोरही सांगेल. मनिलाकडं मात्र त्याच शब्दाचा अर्थ मुंगी. तिनं स्वतःच्या फोनवरून नवं गिऱ्हाईक होऊन लिहिलं: आमच्या घरी लंगाम फार आहेत, पिल्लू घाबरणार नाही ना?

उत्तर लगेच आलं.

“काळजी नको पो! आमच्याकडे एकही नाही. रोज पावडर टाकतो, आणि पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतो पो.”

दोघं फोनकडं बघत राहिली.

“पक्ष्यांवर पावडर,” डेल्फिन गंभीरपणे म्हणाला. “आणि ते बिचारे पिंजऱ्याच्या पायावरून रांगेनं चढतायत.”

आता मात्र मेरिदेल हसली. इतक्या दिवसांचं साठलेलं, डोळ्यांतून पाणी काढणारं हसू. काबोगनं मान उचलून दोघांकडं बघितलं आणि वेडी माणसं म्हणून परत ठेवली.

ते उत्तर त्यांनी जसंच्या तसं इंटरनेटवर लोकांपुढं टाकलं. सोबत पाटीखाली बसलेल्या काबोगचा आजचा फोटो, आणि मेरिदेलनं चार वेळा खोडून लिहिलेला मजकूर: ‘हेच ते पिल्लू. विकणाऱ्याला म्हणा, आईजवळ उभं करून आत्ता, चालतंफिरतं दाखव. घरी येऊ देत नसेल, घाई करत असेल, दर वेळी नवे पैसे मागत असेल, तर पाकीट खिशातच राहू द्या. माझ्या वडिलांनी याच पिल्लाची सहा तास वाट बघितली.’ खाली वडिलांचं पूर्ण नाव.

“नाव घालायचंच का?” डेल्फिननं विचारलं होतं.

“घालायचंच. लपवायला त्यांनी काय चोरलंय?”

त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. “तू फार छान लिहितेस.”

“मला ‘तू’ कधीपासून म्हणायला लागलात?”

“पावडरीपासून.”

दर गुरुवारी तो दुमागेतेच्या बाजारात माल घेऊन यायचा. आता बाजारानंतर एक वळकटी उरायची. दर वेळी एकच, आणि नेमकी तिच्यासाठी.

“उरली,” तो म्हणायचा.

“दर गुरुवारी एकच कशी उरते?”

“हिशेबात कच्चा आहे मी.”

“आणि खोटं बोलण्यात?”

“त्यात तर… फारच.” बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, आणि ते बघायला मिळावं म्हणून ती मुद्दाम विचारायची. वळकटीचा दोरा सोडताना दोघांची बोटं लागायची. ती काढायची घाई कुणालाच नसायची.

त्या बाईचं इंटरनेटवरचं पान बंद पडलं. आठवड्यात दुसऱ्या नावानं उघडलं. मेरिदेलनं तिथंही जाऊन काबोगचं पिकलेलं थोबाड चिकटवलं. तिसऱ्या नावानं उघडलं, तिथंही. तिया पासिंगनं बोलणं टाकलं. मेरिदेलनं आपला मजकूर काढला नाही.

चाळिसाव्या दिवशी प्रार्थनेला गल्ली जमली. डेल्फिन टोपलंभर बुडबुड घेऊन आला होता आणि दाराशी अवघडून उभा होता. जेवणं वाढायच्या आधी मेरिदेल उभी राहिली.

“ताताय कसे गेले हे तुम्ही कुजबुजत बोलता. मी मोठ्यानं सांगते.” तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. “ते मूर्ख नव्हते. एका आईला त्रास होईल म्हणाले, म्हणून ते पिल्लू बघायला गेले नाहीत. मूर्ख असलंच कुणी तर मी. ती बाई ‘पो’ म्हणते हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला खटकलंही होतं. मी… मी ‘हं’ म्हटलं आणि काम करत बसले. एवढंच. तुम्हाला काही खटकलं तर बोला. लाजू नका.”

 गल्लीतले निवृत्त मास्तर खाकरले. “माझ्या नातवालाही… असंच. पोपट होता.” मागून कुणीतरी म्हणालं, आमचंही. आणि मग एक अगदी बारीक आवाज आला.

“पांढरं होतं,” तिया पासिंग म्हणाली. तिची नजर मांडीवरच्या जपमाळेवर होती. “लोकरीच्या गुंड्यासारखं. मागच्या वर्षी. तीनदा पैसे भरले. हसतील म्हणून कुणाला बोलले नाही. क्रिस्पुलोला… क्रिस्पुलोला तरी सांगायला हवं होतं गं.”

मेरिदेल तिच्याशेजारी जाऊन बसली. तिचा हात हातात घेतला. दोघींपैकी कुणीच कुणाला क्षमा केली नाही, मागितलीही नाही. पण हात सुटला नाही.

चार वाजता डेल्फिन निघाला. बाजूला डबा जोडलेली भाड्याची मोटारसायकल फाटकाशी धडधडत होती. त्यानं रिकामं टोपलं आत ठेवलं, एक पाय आत टाकला.

“गुरुवारी?” तो म्हणाला.

“डेल्फिन.”

“हो?”

“मला…” तिनं काहीतरी म्हटलं. मोटारसायकलीनं ते गिळलं.

“काय? ऐकू नाही आलं!”

फाटकापाशी तिया होती. मास्तर होते. अर्धी गल्ली चपला शोधत होती. चाळीस दिवसही धड झाले नाहीत, असं उद्या म्हणणारी सगळी तोंडं तिथं हजर होती. मेरिदेलनं एकदा सगळ्यांकडं बघून घेतलं आणि छाती भरून श्वास घेतला.

“मला तू आवडतोस!” ती ओरडली. “ताताय पण आवडायचे, फार आवडायचे, त्यांना कधी म्हटलंच नाही… तुला म्हणतेय!”