दोन सत्तेचाळीसचा अलर्ट

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझा आग्रह नाही. मला स्वतःलाही अजून नीटसं पटलेलं नाही.

रात्र नव्हती. कुत्री रडत नव्हती. मंगळवारची दुपार होती आणि माझं पोट भरलेलं होतं.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. कॉरिडॉरच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे सगळ्यांच्या मेल साठवणारा मेल सर्व्हर, एक खुर्ची आणि मी. माझ्या आधी बावीस वर्षं त्या खुर्चीत माझा सख्खा मामा बसायचा. तो गेला. नोकरी मला मिळाली.

सोमवारी कंपनीच्या मालकीण मॅडमनी बोलावलं.

"माझ्या मेल मी उघडायच्या आधीच कुणीतरी वाचतंय. खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"दुसरी नाहीच."

"मग शुक्रवारपर्यंत चोर शोध. नाही सापडला तर चोर तूच. घरी बस."

घरी बसायला माझी हरकत नव्हती. आईची होती. घरात कमावणारा मी एकटाच.

सर्व्हर स्वतःची रोजनिशी लिहितो, इव्हेंट लॉग. कोण आलं, कधी आलं, कशाला हात लावला. ती दिवसभर कोण वाचत बसणार? मी अलर्ट लावले. खोलीतल्या कीबोर्डवरून कुणी लॉगिन केलं, की माझ्या मोबाईलवर मेल. सर्व्हर बंद पडला, तरी मेल.

इथे माझी अक्कल चरायला गेली. हे मेल पाठवायचं काम मी त्याच सर्व्हरला दिलं. म्हणजे बेशुद्ध पडणाऱ्यानेच उठून डॉक्टरला फोन करायचा.

असो.

मंगळवारी कॅन्टीनमध्ये मॅडम समोरच होत्या. किल्ली माझ्या खिशात.

दोन सत्तेचाळीस. मोबाईल थरथरला...

"सर्व्हर रूममधून लॉगिन."

मामाच्या खात्यातून. ते खातं मी पहिल्याच दिवशी माझ्या हाताने बंद केलं होतं.

मॅडमनी स्क्रीन पाहिली. मग मला पाहिलं. दोघंही धावलो.

कुलूप जसंच्या तसं.

आतून आवाज आला...

फुस्स.

"साप?" मॅडम कुजबुजल्या.

"खुर्ची."

मामा बुटका होता. कामाला लागण्याआधी खुर्ची खाली करायचा. मी उंच. रोज सकाळी ती वर करतो. पण ती रोज का करावी लागते, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

मग कीबोर्ड... ठक. ठक. दोन बोटांनी. मामाला तेवढंच यायचं.

मी कुलूप उघडलं.

कुणी नाही. खुर्ची खाली.

"वायर काढ," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता!"

काढली. पंखे थांबले. दिवे विझले. वायर माझ्या हातात लोंबत होती.

मोबाईल थरथरला...

"मेल सर्व्हर बंद पडला आहे."

कळवणारा तोच. बंद पडलेला.

मॅडम भिंतीला टेकल्या. "नोकरी तुझीच," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्या कॉरिडॉरमध्ये पुन्हा फिरकल्या नाहीत.

सख्खा मामा गेल्यावरही मला मामा बनवतोय, याचा मला जास्त राग आला.

आई म्हणाली, "सोड रे ती नोकरी. माझा भाऊ आहे, मला माहितीये. हट्टी आहे तो."

"मग भाचा कुणाचा आहे?"

दुसऱ्या दिवशी वायर परत लावली. खुर्ची पार वर केली आणि तिच्यात फतकल मारून बसलो.

"मामा, बावीस वर्षं बसलास. आता ही माझी. मेल वाचायच्या तर वाच, पण उभ्याने."

दोन सत्तेचाळीस. अलर्ट आला.

मी हललो नाही.

खोलीत काहीच हललं नाही...

फुस्स.

मी सावकाश, माझ्यासकट, खाली गेलो.

वर केली. खाली आली. वर केली. खाली आली. त्या दिवशी सात वेळा.

अकरा महिने झाले. रोज हेच चालू आहे. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. बघू कोण आधी दमतंय.

काल मात्र अलर्ट आला, आणि खुर्ची खाली गेली नाही.

माझ्या खांद्यावरून कुणीतरी वाकून स्क्रीन वाचत होतं...

आता दोन पंचेचाळीस झालेत. खुर्ची माझीच आहे. पण हे मी उभ्याने लिहितोय. पाठ भिंतीला लावून.