यादोरावकाकाची गाठीवाली दोरी

एकोणऐंशीचा पौष. सकाळीच रुखमेले कळा सुटल्या. सुईण म्हणे, "पोर आडवं हाय. दवाखान्यात सानगडीले ने, नाही त दोघंही जातीन." बैलबंडीनं दोन तास, तलावातून डोंग्यानं अर्धा. तेजरामनं बायकोले डोंग्यात निजवलं अन् बांबू रेटला.

तलावावर धुकं असं, का सोताचा हात दिसे ना. मधात बुडलेल्या झाडाईचे खुंट. डोंगा त्याच्यावर गेला का फाटलाच. खुंटाच्या अलीकडं डावीकडं वळा लागे. पण अलीकडं म्हणजे कुठं?

त्याले यादोरावकाका आठवले. जिनगानीभर जहाजावर खलाशी. गावात परतले त गाठीवाली दोरी अन् वाळूची काच घेऊन.

"समुद्रात ना झाड, ना मैलाचा दगड," काका सांगत. "मंग दोरीले लाकूड बांधून मागं टाकाचं. लाकूड जागीच राह्यते, जहाज पुढं जाते. काचेतली वाळू सरेपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या, तेवढा वेग. वेग समजला का किती दूर आलो थे समजते."

"तलावात कायचा समुद्र लावला, बुढ्या!" तेजराम डाफरला होता.

काका हासले. काठापासून खुंटापर्यंतचं अंतर त्यायनं आधीच मोजलं होतं. बांबू तेजरामच्या हाती देऊन, डोळ्याले दुपट्टा बांधून डोंग्यात बसले. "दोन गाठीचा वेग. आता काच कानाले लावतो, वाळूचा आवाज थांबला का उलटतो, वीस बार." विसाव्याले म्हणे, "थांब!" खुंट हातभर दूर! त्या दिवसापासून तेजरामनं काकापुढं आवाज चढवला नाही. तालुक्यात असा माणूस नोयता.

दिवाळीत काका गेले. तेजरामनं त्यायच्याच दोरीनं तिरडी बांधली, काच छातीवर ठेवली. समदं जळलं. राख ह्याच तलावात सोडली.

...सर्र. मागं ओली दोरी डोंग्याच्या काठाले घासली. जळक्या लाकडाचा वास आला.

"एक गाठ... दोन..."

तेजरामची मागं पाह्याची हिंमत नोयती.

"हात ढिला नोको करू, बाबू... दोनच ठेव."

तो बांबू मारत राह्यला. रुखमा कण्हत होती. मागून आता वाळूचे आकडे हळूच येत होते. "सतरा... अठरा... एकोणीस..."

"वळव!"

त्यानं अख्खं आंग टाकून डोंगा वळवला. उजव्या बाजूनं काळा खुंट घासून गेला.

दवाखान्यात पोरगी झाली, दोघी धड. पण रुखमेची उजवी मूठ काही उघडे ना.

"अवो, काका मागं बसले होते ना," ती म्हणे. "मले म्हणे, वाळू पकड पोरी, माह्याजवळ काच नाही..."

नर्सबाईनं बोटं सोडवली. बारीक, कोरडी वाळू फरशीवर सांडली. नर्सबाईनं झाडून नेली.

तेजरामनं वळून पाह्यलं. रुखमा झोपली होती. हात खाटेच्या खाली लोंबत होता, तळवा उघडा, रिकामा.

अन् त्यातून वाळू अजून खाली गळतच होती.