शशिकांतरावांचं एकच वाक्य

न्युरेम्बर्गची गाडी रद्द झाल्याचं फलकावर उमटलं, तेव्हा जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या फलाटावर एक मुलगी मराठीत कोणाशी तरी भांडत होती.

"खोटं बोललास तू! तिची गोष्ट आपली म्हणून सांगितलीस!"

आसपास दुसरं कोणी नव्हतं. जयंत दचकून म्हणाला, "मी नाही हं... मी आत्ताच आलोय."

ती वळली. हातात कागद, केसांवर भुरभुरत्या पावसाचे थेंब. आधी लाजली, मग हसली. "सॉरी. नाटकातला संवाद म्हणून बघत होते."

तिचं नाव ईप्सिता. रेगेन्सबर्गच्याच विद्यापीठात आजच्या आयरिश नाटकांवर पीएच.डी. करत होती. गाडीऐवजी सोडलेल्या बसमध्ये तिनं त्याला ती नाटकं समजावली — पबमध्ये चार माणसं बसतात, एकेक जण गोष्ट सांगतो आणि हळूहळू कळतं, की सांगणाऱ्यानं दुसऱ्याचंच दुःख उचललंय.

"दुसऱ्याची गोष्ट सांगायचा हक्क आपल्याला कोणी दिला, हा माझा विषय."

"एवढंच? ज्याची आहे त्याला विचारायचं."

"तुम्ही इंजिनिअर का हो?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. मोटारींच्या कारखान्यात. ओळखलंत कसं?"

"सगळं सोपं वाटतंय ना, त्यावरून."

उतरेपर्यंत तिनं त्याला, ती मराठी मंडळासाठी बसवत असलेल्या नाटकात ओढलं होतं. आणि तो... तो बहुधा आनंदानं ओढला गेला होता.

तिच्या तालमीत आधी संहिता नसायची. प्रत्येकानं आपली गोष्ट सांगायची, त्यातून नाटक उभं राहायचं. रविवारी जयंतची पाळी आली. तो सगळ्यांसमोर, पण तिच्याकडे बघत बोलला. त्याचे बाबा, सांगलीचे शशिकांतराव. तरुणपणी राज्य नाट्यस्पर्धेत नोकराची भूमिका, वाक्य एकच. तेच विसरले. थिएटर हसलं. तेव्हापासून गल्लीत नाव पडलं — मुका नोकर.

मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका डोळे पुसत म्हणाले, "हाच शेवट! ठरलं!"

जयंतचा चेहरा उतरला. "नको काका... बाबांना फार लागेल. मी उगाच बोलून गेलो."

"अरे, नाव बदलू. सांगलीचं सातारा करू. कोणाला कळतंय?"

"त्यांना कळेल," ईप्सिता म्हणाली. "मी नाही घेणार ही गोष्ट."

"शनिवारी प्रयोग आहे, बाई! तुझे प्राध्यापक येणार. शेवट कुठून आणशील?"

"शेवटाशिवाय करू. हसं झालं तर माझं होईल, काका. त्यांचं एकदा झालंय."

जयंत तिच्याकडे बघतच राहिला. आपण हिला ओळखतो, याचाच त्याला केवढा अभिमान वाटला!

तालीम संपल्यावर डोनाऊ नदीच्या काठानं चालताना त्यानं फोन काढला. "बाबांना विचारतो."

"माझ्यासाठी नको."

"तुमच्यासाठी आहेच. पण... मी त्यांना याबद्दल कधी काही विचारलंच नाही."

स्क्रीनवर चष्मा सावरत शशिकांतराव आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घ्या नाटकात. पण माझं नाव बदलायचं नाही."

"बाबा, लोक हसतील..."

"हसू देत. वाक्य विसरलो, खरंय. पण पळालो नाही, जयंता! थिएटर हसत होतं आणि मी तबक धरून पडदा पडेपर्यंत ताठ उभा होतो. ते सांगितलंस का?"

"मला... माहीतच नव्हतं."

"मग विचारायचं नाही का, गाढवा?"

ईप्सिताचे डोळे भरून आले. तिनं मान पुढे करून विचारलं, "काका, हे सगळं मी तुमच्याच शब्दांत घेऊ?"

"खुशाल घे. पण तू कोण गं, बाळा?"

जयंतचे कान लाल झाले. ईप्सितानं त्याच्याकडे एक तिरपा कटाक्ष टाकला. "ते अजून ठरलेलं नाही, काका. यांनी काही विचारलेलंच नाही."

"इथंही नाही विचारलं?" शशिकांतराव खदखदून हसले.

"ईप्सिता," जयंत घसा खाकरत म्हणाला, "बाबांना सांगू... तू कोण ते?"

"आधी मला तर सांगा!"

नदीवरून गार वारा आला. जयंतनं तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं — बाबांच्या देखत, मोठ्यानं, दोनदा अडखळत, पण पूर्ण.