अकरा नंबरच्या घरात चिमी बोलते

हे कुठे वाचलेलं नाही. कुणाच्या कुणाकडून कानावर आलेलंही नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि ताईला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

दोन वर्षांपूर्वीचा रविवार. दुपारचे बारा. लख्ख ऊन.

ताई आणि भावोजी नऊ वर्षं परदेशात राहून नुकते परतले होते. भावोजींची तिकडची नोकरी गेली आणि महिन्याभरात बाडबिस्तरा गुंडाळावा लागला. सोबत सहा वर्षांची चिमी.

विमानात पोरीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता.

इथे उतरली... आणि गप्प झाली.

चार महिने. चकार शब्द नाही.

कान तपासले, घसा तपासला. शेवटी एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिचं घर सुटलंय. पुन्हा तिचं म्हणावं असं घर द्या, बोलेल."

तेव्हापासून ताई घर शोधत नव्हती, औषध शोधत होती. तिघं मोठ्या दिरांकडे एका खोलीत राहत होती. जाऊबाई तोंडाने काही म्हणत नसत, पण भांडी जरा जोरात आपटत. शहराबाहेरच्या सतरा वसाहती पाहून झाल्या. कुठे शाळा लांब, कुठे पाण्याची बोंब.

"तुला एकदाच बघून हो म्हटलं होतं," भावोजी म्हणायचे. "घरं मात्र सतरा झाली."

ताईला आता हसूही येत नव्हतं.

अठरावी वसाहत. चाळीस रो-हाऊस, दोन रांगांत. दारात सायकली. दोरीवर लहान मुलांचे कपडे. मधोमध बाग, झोपाळे...

आणि एकही मूल नाही.

"रविवारी इतकी शांतता?" ताईने विचारलं.

"शांत लोक आहेत मॅडम," म्हणत एजंटने अकरा नंबरचं कुलूप काढलं. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच थांबला.

भावोजी मागच्या अंगणात गेले. ताई ओट्याखालची कपाटं उघडून पाहत होती. चिमी जिना चढून वर गेली.

आणि वरून आवाज आला...

"चिमी."

ताईच्या हातातून कपाटाचं दार सुटलं. तो चिमीचाच आवाज होता!

मग, "सहा."

मग, "हो, विमानाने."

ताई पायऱ्यांवर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. चार महिन्यांनी लेक बोलत होती.

रडता रडता तिच्या लक्षात आलं...

ही उत्तरं होती.

विचारत कोण होतं?

ती धावत वर गेली. रिकामी खोली. चिमी भिंतीकडे तोंड करून बसलेली. ताईला पाहताच तोंड घट्ट मिटलं.

बाहेर पडताना शेजारच्या दारात एक बाई उभ्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"बोलली का?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईने चिमीला जवळ ओढलं. "तुम्हाला... कसं कळलं?"

"आमचीही बोलत नव्हती."

"आणि आता?"

बाईंनी मान मागे वळवली. त्यांच्यामागे, बंद खोलीतून, एका मुलीचा आवाज येत होता. एकसुरी. श्वास घ्यायलाही न थांबणारा.

"आता थांबत नाही," बाई म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

भावोजी गाडीत म्हणाले, "या घराचं नावसुद्धा काढू नकोस."

"अहो, पण बोलली ना ती!"

"कुणाशी?"

पुढचा आठवडाभर चिमी पुन्हा मुकी. ताईने मांडीवर घेतलं, हातापाया पडली, एकदा तर जिवाच्या आकांताने खांदे धरून गदागदा हलवलं. पोरगी नुसती बघत राहिली.

बुडत्याला काडीचा आधार. पुढच्या रविवारी भावोजींना न सांगता ताई चिमीला घेऊन पुन्हा तिथे गेली. एजंटने मुकाट्याने किल्ली दिली.

चिमी धावतच वर गेली. ताई जिन्यावर बसून ऐकत राहिली.

"हो, आलो."

मग बराच वेळ शांतता...

"नाही. बाबा नकोत."

ताईने जिन्याचा कठडा घट्ट धरला.

"आई खालीच बसलीये... बोलावू?"

त्या क्षणी वरच्या खोलीतलं ऊन गेलं. ढग नव्हता. खालच्या खोलीत ऊन तसंच होतं.

आणि अगदी कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला... बोलायच्या आधी घेतात तसा.

ताईने वर झेप घेतली, चिमीला उचललं आणि अनवाणीच रस्ता गाठला. चिमी तिच्या खांद्यावरून त्या खिडकीकडे बघत हात हलवत होती.

पुढे त्यांनी भर बाजारात, गॅरेजच्या वर दोन खोल्या घेतल्या. दिवसभर हातोड्यांची ठणठण. चिमी आता आठ वर्षांची आहे. वर्गात पहिली येते. सगळं वहीत लिहून सांगते.

बोलत नाही.

परवा ताईचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अकरा नंबर अजून रिकामंच आहे रे. मी चौकशी केली."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"एकदाच. मला फक्त एकदा तिच्या तोंडून आई ऐकायचंय." तिचा आवाज फुटला. "यांना सांगू नकोस. रविवारी गाडी घेऊन येशील?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.

नाहीही म्हणवत नाही.