तेहतिसाव्या पानावरची चूक

"अहो, माझे आजोबा आहेत का तुमच्याकडे?"

रामकुंडाच्या पायरीवर थंडीतलं कोवळं ऊन पाठीवर घेत बसलेल्या संपदानं मान वर केली. पिवळी ओढणी, गंगेत नुकतीच बुडवून काढलेली ओली पावलं, आणि डोळे असे... की हातातलं पेन हातातच राहिलं.

"आहेत की," ती म्हणाली. "कुठल्या सालातले?"

संपदाचे वडील उपेंद्रगुरुजी म्हणजे नेपाळहून येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थोपाध्याय. कोण आलं, कुणाचं कोण, सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या लाल कापडात बांधलेल्या वह्यांत लिहिलेलं. हात कापू लागल्यापासून गुरुजी सांगत आणि संपदा लिही.

मुलीचं नाव सम्झना. वडील देवळालीच्या वसतिगृहात आचारी. नागरिक नेपाळची, पण जन्म इथला, आणि मराठी अशी की घाटावरच्या चिमणाबाईनं फुलांच्या भावात हार मानावी.

तेहतिसाव्या पानावर आजोबांची सही सापडली. सम्झना त्या वळणांवरून हळूच बोट फिरवत राहिली. शेजारी बसलेले गुरुजी खालची नवी नोंद सांगू लागले. "नाव सम्झना... गाव पोखरा... पती— ते मोकळं सोड. शेवटी लिहिणाराचं नाव."

संपदाचं लक्ष त्या बोटावर. तिनं लिहिणाराचं नाव एक ओळ वरच लिहून टाकलं. पती : संपदा.

खोडावं तर वहीत खाडाखोड नाही, हा घराण्याचा नियम. खोडलेल्या नावावरून पुढच्या पिढ्या भांडतात. तिनं घाईघाईनं वही मिटली. पण सम्झनानं वाचलं होतं.

"येते हं... पतीदेव," ती कुजबुजली, आणि पायऱ्या चढून गेलीसुद्धा.

पुढे काय व्हायचं ते झालं. सम्झना गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. घाटापासून पाच मिनिटांवर घर असलेल्या संपदाला रोज संध्याकाळी गंगापूर रोडवरून वळसा पडू लागला. चिमणाबाई गजरे ओवताना गुणगुणायची —

*गंगेच्या घाटावरी, कोण डोंगराची आली,*
*माझ्या संपाताईची गं, वाट वाकडी झाली...*

"चिमणाबाई, गप बसा ना!"

"म्या कुठं काय म्हनले? गानं हाय ते. घ्या, दोघींना एकच गजरा पुरंल."

वर्ष असं सुगंधी गेलं. मग पुन्हा थंडी आली, आणि सम्झनाला पोखऱ्याच्या एका हॉस्पिटलचं नोकरीचं पत्रही.

"तूपण चल," त्याच पायरीवर बसून सम्झना म्हणाली. "तिकडं आपल्यासारख्यांची लग्नं नोंदवून घेतात."

"खरंच?"

"हो, कोर्टानं सांगितलंय. फक्त... वेगळ्या वहीत. तात्पुरत्या."

"तात्पुरत्या? लग्न आहे की एसटीतली जागा?"

"तुमच्या गाडीत तर उभं राहायलाही जागा नाही, बाई! तुमचं कोर्ट म्हणतं, प्रेम करा, गुन्हा नाही. लग्नाचं मात्र संसदेला विचारा."

"आणि तिकडची माणसं?"

"काठमांडूत सप्तरंगी झेंडे घेऊन नाचतात. आमच्या डोंगरातली काकी मात्र म्हणते, पोरीला औषध द्या."

"माझी मावशी स्थळं आणते. औषधापेक्षा कडू."

दोघी खूप हसल्या. मग हसू ओसरलं.

"बाबांना न सांगता मी येणार नाही," संपदा म्हणाली. "आणि सांगायचं म्हटलं की दुसराच विषय निघतो."

सम्झनानं तिच्या केसातलं निसटलेलं फूल पुन्हा खोचलं. "शनिवारी गोरखपूरची गाडी आहे, तिथून पुढे नेपाळ. तोवर सांग... नाहीतर मी एकटीच जाईन. रागावणार नाही. पण परतही येणार नाही, संपदा. मला नाही जमायचं."

शुक्रवारी सकाळी संपदा वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, मला... तुम्हाला..."

"वही आण," गुरुजी म्हणाले. "तेहतिसावं पान."

तिनं वही आणून समोर उघडली. गुरुजींनी चष्मा पुसला. पानावर बोट ठेवलं.

"वर्षभर वाट बघतोय, तू कधी बोलशील."

"तुम्ही... वाचलं होतंत?"

"हात कापतो माझा. डोळे शाबूत आहेत."

"बाबा, चुकून लिहिलं मी."

"मग खोडू?"

संपदानं मान हलवली. नाही. डोळ्यांतलं पाणी पानावर पडेल म्हणून तिनं झटकन वही मागे ओढली.

गुरुजींनी वही पुन्हा समोर घेतली. "मला हे सगळं कळतं असं नाही, पोरी. मावशीला काय सांगायचं, तेही अजून सुचलेलं नाही. पण ज्याची नोंद त्याची सही लागते. तुझी राहिलीय. तिला बोलाव. तिच्यासमोर कर."

तासाभरात सम्झना धापा टाकत आली. चिमणाबाई मागोमाग, गजऱ्यासकट. संपदानं सही केली, आजोबांच्या सहीखालच्या त्या नोंदीत. गुरुजींनी फुंकर घालून शाई वाळवली.

"आता जा पोखऱ्याला," गुरुजींनी वही बांधत म्हटलं. "तिकडच्या वहीतही लिहून घ्या. आणि कुंभाला दोघी परत या. माझ्याच्यानं एकट्यानं लिहून व्हायचं नाही."

"येऊ," सम्झना म्हणाली, आणि संपदाच्या कानाशी वाकली. "चला, पतीदेव... बॅग भरायचीय."