तिसरा मिसिंग मारतोय

साडू त्या दुपारी गाडी घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहिला, तेव्हा कानसेनाच्या हातातला चहा अजून गरम होता. त्या दिवसातली चांगली गोष्ट काय ती एवढीच.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने त्याला आता बायकोसुद्धा हाक मारत नसे. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो गाडीचं दुखणं सांगायचा. रस्त्यावरून जाणारी गाडी नुसती ऐकून आतल्या नवरा-बायकोत चूक कुणाची तेही आपण सांगू शकतो, असं त्याचं म्हणणं. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंसुद्धा थोडंथोडकं नव्हतं.

"मिसिंग?" त्याने विचारलं.

"मिसिंग," साडू म्हणाला. "तुम्ही प्लग बदललेत, कॉइल बदललीत, आता आमचं नशीब तेवढं बदलायचं राहिलंय. फट्... फट्... करत कशीबशी आली. रस्त्यात लोक वळून बघतात हो, वरात चालल्यासारखं."

"तुम्ही काच खाली करून बघता ना त्यांच्याकडे, म्हणून ते बघतात," पुढच्या सीटवरून मेहुणी म्हणाली. "भाऊजी, काहीही करा, पण आज हिचा सोक्षमोक्ष लावा. उद्या सकाळी सासूबाईंना घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय."

तिच्या सासूबाई, म्हणजे साडूची आई, मागे बसल्या होत्या. हातपाय आवरून, डाव्या खिडकीला चिकटून. त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. ही तारीख मिळवायला साडूने किती उंबरठे झिजवले होते, ते सगळ्या नात्यात ठाऊक होतं. भाड्याची गाडी करा म्हटलं, तर म्हातारी ऐकत नव्हती. जाईन तर पोराच्याच गाडीतून. मुलाने गाडी काढली की त्या आत बसलेल्याच असायच्या. गॅरेजला यायचं म्हटलं तरी.

"उद्या पोचलो नाही, तर माझी आई जाईल हो," साडू हळूच म्हणाला. एरवी हा माणूस हळू बोलत नसे.

कानसेनाने बॉनेट उघडलं. इंजिन लंगडत होतं. चारांतला एखादा सिलिंडर पेटत नसला की होतं तसं; त्यालाच मिसिंग म्हणायचं. त्याने एकेका सिलिंडरच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलची पिन काढून बघायला सुरुवात केली. या धंद्यातली ही सगळ्यात जुनी रीत. चालू इंजिनात एकाची पिन काढायची. इंजिन कण्हलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. काढूनही काही फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला.

पहिला काढला, इंजिन कण्हलं. दुसरा, तसंच. तिसरा काढला आणि इंजिनाने दखलसुद्धा घेतली नाही.

"हा मेलेला," तो सवयीने म्हणाला. प्रत्येक वेळी हाच निघत होता, म्हणून तो वैतागलेला होता. तिसऱ्याची कॉइल त्याने पहिल्याला लावली. पहिला ठणठणीत, तिसरा मेलेलाच. प्लगची अदलाबदल केली, पेट्रोल सोडणारा इंजेक्टर बदलून बघितला, वायर तपासली, दाब मोजला. दाब अगदी नव्या गाडीसारखा. ठिणगी पडत होती, पेट्रोल येत होतं, हवा येत होती. पेटायला जे जे लागतं ते सगळं हजर, आणि पेटत मात्र नव्हतं. बाहेर काढलेला प्लग ओला आणि गार. इतका गार, की त्याने तो झटकन दुसऱ्या हातात घेतला.

"तुझ्या आईला..." असं काहीतरी तो इंजिनाला म्हणाला, आणि मागच्या सीटवर म्हातारी बसलीय हे आठवून जीभ चावली.

"चढावर नेऊन बघू," शेवटी तो म्हणाला. "वजनाने दम तुटतोय का ते कळेल. सगळे बसा."

गॅरेजच्या मागे पाण्याच्या टाकीकडे जाणारा उभा रस्ता होता. कानसेन स्टिअरिंगला बसला. अर्ध्या चढावर गाडी अक्षरशः रडायला लागली. त्याने साडूला उतरवलं आणि तोच तुकडा पुन्हा चढवला. आवाज सुटला, साडूचं पोट म्हणजे काही कमी ओझं नव्हतं. मग मेहुणीला उतरवलं. आवाज आणखी मोकळा झाला.

"आता तुम्ही, आई."

म्हातारी उतरली. दार लागल्याचा आवाज आला. कानसेनाने क्लच सोडला, कान दिला, आणि चढ चढला.

काडीचाही फरक नाही.

गाडी खाली घेऊन त्याने पुन्हा बघितलं. तोच आवाज, तीच कण्हण्याची पट्टी. खिडकीतून मान बाहेर काढून, विचार न करता, धंद्याच्या सवयीने तो मोठ्याने बोलून गेला,

"काढून फरक नाही. ही मेलेली."

"कोण?" साडूने विचारलं.

कानसेनाने मान आत घेतली.

"कोण मेलेली? अहो, माझी आई आहे ती! उद्या ऑपरेशन आहे तिचं, आणि तुम्ही...! काही वाटतं का जिभेला?"

"सिलिंडर म्हणत होतो मी..."

"सिलिंडर 'तो' असतो! इतकी वर्षं तुमच्या तोंडून तेच ऐकतोय!" साडू तरातरा उतारावरून चालू लागला. त्याला समजावत मेहुणी मागोमाग गेली. दोघांचं भांडण वळणाआड गेलं, आणि चढावर एकदम शांत झालं.

मागचं दार उघडलं. म्हातारी आत बसली. कानसेन आरशात बघत नव्हता. तो गाडीकडे लक्ष देऊन होता. माणूस बसलं की गाडी जराशी दबते, स्प्रिंग कुरकुरते. गाडी दबली नाही. कच्च्या पेट्रोलचा वास मात्र आला. न पेटलेल्या पेट्रोलचा, गार, घशात उतरणारा.

"बाबा रे," मागून आवाज आला. "हळू बोलायचं होतंस... त्याला अजून कळलेलं नाही."

कानसेनाच्या हाताला स्टिअरिंग चिकटलं.

"कधी...?" त्याने कसंबसं विचारलं.

"झालेत दिवस. झोपेतच गेले मी. त्या सकाळी हा चहा घेऊन आला, 'आई, तारीख मिळाली' म्हणाला. इतका हसत होता... मग उठून बसले. काय करणार?"

इंजिन लंगडतच होतं. फट्... फट्...

"तिथे नेलं की हाताला हात लावतील. नाडी बघतील. म्हणून तिसरा मी धरून ठेवलाय... पण फार दमते रे. आता तू तेवढं सांभाळ. गाडी बरी करू नकोस."

कानसेनाने आयुष्यात एकही गाडी मुद्दाम बिघडवली नव्हती. त्याने त्या संध्याकाळी तिसऱ्याची कॉइल काढून घेतली, इंजेक्टरची वायर सोडवली आणि कॉइलचं भोक चिंधीने बुजवलं. असल्या गाडीला घाटाचा पहिला चढसुद्धा जड जाणार. निमूट माघारी येतील. मग साडूला म्हणाला, "माझ्याच्याने होत नाही. तारीख पुढे ढकला."

"कानसेन म्हणे!" साडू म्हणाला. "कानाचे पडदे धुऊन घ्या आधी. मी गाडी ढकलत नेईन, पण आईला नेईन." आणि घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"साडूबुवा, पाया पडतो तुमच्या!" पलीकडून साडू ओरडत होता. "काय केलंत काय रात्रीतून? अख्खा घाट एका दमात! लोण्यासारखी चालली! काल बोललो ते मनावर घेऊ नका."

कानसेनाने टेबलाकडे बघितलं. तिसऱ्याची कॉइल तिथेच पडली होती. फोनमधून मागे इंजिन ऐकू येत होतं. त्याने कान लावला. एक, दोन, तीन, चार. चारही चालू. इतकं साफ इंजिन त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"इंजिन बंद करा आधी," तो म्हणाला.

"तेच विचारायला फोन केला. किल्ली काढलीय मी. हातात आहे माझ्या. बंदच होत नाही." साडूचा आवाज उतरला. "आणि आई उतरत नाहीये. डोळे मिटून बसलीय, ओठ घट्ट आवळून. मघाशी एवढंच म्हणाली, तुला ढकलताना बघवलं नसतं, आता मी उतरले तर गाडी बंद पडेल... असं काय करते हो ती?"

"तिला घरी घेऊन या. ऐका माझं. आत्ताच्या आत्ता..."

"आता कसं? डॉक्टरच खाली आलेत गाडीपाशी. भला माणूस आहे. दार उघडलंय त्यांनी... आई, हात दे त्यांना. अगं, नुसती नाडी बघतायत..."

टेबलावरून टक् असा बारीक आवाज आला. मग पुन्हा. सुटी पडलेली कॉइल फोनमधल्या इंजिनाच्या ठेक्यावर टकटकत होती. कानसेनाने तिच्यावर तळहात ठेवला. माणसाच्या अंगासारखी ऊबदार होती, आणि टकटक मनगटातल्या नाडीसारखी.

फोनमध्ये डॉक्टर नाडी मोजू लागले.

मग तळहाताखाली एक ठोका चुकला. कानसेन श्वास रोखून पुढच्याची वाट बघत राहिला.